बसेल, पण बसवावी लागेल

जुनी जीप घेतली की पहिल्या काही महिन्यांतच माणसाला पेट्रोलचा वास यायचा बंद होतो. वास कुठे जात नाही, नाक तेवढं निर्ढावतं. घरच्यांची नाकं मात्र निर्ढावत नाहीत. आमच्याकडे दसऱ्याला स्कूटरची पूजा साग्रसंगीत होते : हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, निरांजन, उदबत्ती. जीपच्या वाट्याला हार आणि लांबून नमस्कार. एका वर्षी शेजारच्या काकू निरांजन घेऊन पुढे सरसावल्या. "लक्ष्मीच ना ती पण? तिलाच का बाई कोरडी ठेवता?" बायको शांतपणे म्हणाली, "ओवाळा की काकू. फक्त दोन मिनिटं थांबा, मुलांना मागच्या दारानं बाहेर काढते." काकूंनी कुंपणापलीकडून अक्षता टाकल्या. अजूनही तिथूनच टाकतात.

हा वास सगळ्यात जास्त ड्रायव्हरला यायला हवा, कारण आमच्या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. मागे नाही, बाजूला नाही, बरोब्बर खाली. ही अक्कल मूळची अमेरिकन. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराला चारही चाकांना जोर असलेली एक हलकी गाडी हवी होती आणि नमुना हवा होता ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅंटम नावाच्या लहानशा कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरलं आणि २३ सप्टेंबरला, म्हणजे मुदतीच्या आत, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी तशा लाखो काढल्या. विलीजच्या लष्करी जीपमध्ये सीटखाली सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावायचं आणि ते भरायला ड्रायव्हरला खाली उतरून स्वतःची सीट उचलावी लागायची. हा नकाशा ज्यानं पास केला तो स्वतः जीप चालवणारा नव्हता, एवढं आपण धरून चालू.

हे ४९ दिवस मी मुद्दाम सांगतोय. अख्खी गाडी, इंजिनापासून आरशापर्यंत, ४९ दिवसांत. आमच्या गाडीची नुसती टाकी वटपौर्णिमेला निघाली ती गौरी जेवून गेल्यावर बसली.

जीप आपल्याकडे आली ती मुंबईतून. १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची पेढी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसऱ्यांदा महिंद्र आलं. माझगावला विलीजच्या जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात झाली. आमची गाडी त्या घराण्यातली सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची. हे मॉडेल निघालं १९५३ साली आणि अमेरिकेनं ते १९६८ साली बंद करून टाकलं. आपण चालूच ठेवलं. आपल्याकडे एखादी गोष्ट सुरू करायला जेवढा त्रास होतो, त्याच्या दुप्पट ती बंद करायला होतो. तहसीलदार, वनखातं, साखर कारखान्याचे शेती अधिकारी, निवडणुकीतला भोंगा, कुटुंबनियोजनाचा प्रचार, सगळं या गाडीनं वाहिलं. आमची एका सरकारी खात्याच्या लिलावातून निघाली आणि दोन बागायतदारांच्या हातून फिरत माझ्याकडे आली. सरकारी नोकरीत होती तोवर तिची टाकी गळत नव्हती, असं जुना ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतो. पेट्रोल तेव्हाही कमी व्हायचं, पण ते लॉगबुकात नीट लिहून व्हायचं.

या टाकीची बांधणी साधी असते. पत्र्याचे दोन दाबलेले भाग, एक वरचा, एक खालचा, आणि मधोमध चारी बाजूंनी शिवण. गंज आधी शिवणीत शिरतो. आमच्या टाकीची शिवण उजव्या कोपऱ्यात पाझरायला लागली, तेव्हा मिस्त्रीनं पहिला उपाय सांगितला : "सायेब, अर्ध्याच्या वर भरायचंच न्हाई." उपाय बिनतोड होता. शिवण मध्यावर, पेट्रोल मध्याच्या खाली, मग गळणार काय? सुमारे ४० लिटरची टाकी एका वाक्यात वीस लिटरची झाली. कऱ्हाडहून चिपळूणला जायचं तर चढाला पेट्रोल मागे सरकायचं आणि शिवणीला लागायचंच. म्हणून दुसरा उपाय आला, अंगाचा साबण. ओलसर वडी गळतीवर घासायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे तो भेगेत बसून राहतो. हे ज्ञान महाराष्ट्रातल्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला आहे. तिसरा उपाय म्हणजे अर्थातच एम-सील. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. जिथं लावलं तिथं ते दगडासारखं टिकलं. गळतीच शेजारी सरकली. तिच्यामागे एम-सील, त्याच्यापुढे गळती, असं करत करत शिवणीचा उजवा कोपरा पूर्ण काळा झाला आणि प्रकरण डावीकडे वळलं.

तरीही टाकी बदलायचा विषय कुणी काढला नाही. कारण गळती हा काही रोग नव्हे. तो स्वभाव.

रोग निघाला कुंभार्ली घाटात. गाडी बंद पडायची पद्धत मोठी शिस्तशीर होती. चढ लागला, इंजिन तापलं, जरा जोर मागितला की एक आचका, दुसरा आचका आणि बंद. मग बॉनेट उघडून उभं राहायचं. एक चहा होईपर्यंत काहीही करायचं नाही. चहा झाला की स्टार्टर मारायचा, गाडी पहिल्या झटक्यात चालू. बॉनेट उघडून पाच मिनिटं टक लावून पाहिलं की गाडी दुरुस्त होते, हा भ्रम अशाच गाड्यांनी पुरुषवर्गात पसरवला असला पाहिजे.

घाटात थांबलेल्या माणसाला सल्ला फुकट मिळतो. बॉनेट वर दिसलं की लोक गाडी हळू करतात. एक म्हणाला कॉइल गरम होतेय, ओलं फडकं गुंडाळा. दुसरा म्हणाला पेट्रोलची वाफ धरतेय, पाइपावर पाणी मारा. एक गृहस्थ मोटरसायकलवरून उतरले, हेल्मेट न काढताच आत वाकले, बराच वेळ पाहिलं आणि "मूळ इंजिन आहे का?" एवढंच विचारून, समाधानानं निघून गेले. मिस्त्रीकडे गेल्यावर एकेक बदलत गेलं : प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. कार्बोरेटरला नवं किट पडलं. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्राम झाला. प्रत्येक वेळी मिस्त्री हात पुसत म्हणायचा, "आता थेट गोव्याला घालवा," आणि गाडी पाटणच्या पुढे चढ लागला की आपला चहा मागायची. टाकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण टाकीवर मालक बसलेला असतो.

शेवटी निदान झालं ते बाटलीवर. मिस्त्रीनं टाकीचा पाइप सोडवला, प्लॅस्टिकच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल घेतलं, ती बॉनेटच्या बिजागरीला उलटी टांगली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला दिली. याला गॅरेजच्या भाषेत सलाईन लावणं म्हणतात, आणि अतिदक्षता विभागातल्या नातेवाइकांसारखेच आम्ही सगळे बाटलीकडे बघत बसलो. गाडी तासभर कुरकुर न करता चालली. मिस्त्री म्हणाला, "इंजिनला काय बी झालेलं न्हाई. टाकी सडली आतनं."

मग एका पोराला टॉर्च घेऊन टाकीत पाहायला लावलं. पोरगं म्हणालं, "आत पापुद्रं हाईत, सायेब. पापडावाणी." अर्धी रिकामी टाकी म्हणजे अर्धी हवा. रात्री गारठ्यानं त्या हवेतली वाफ पत्र्यावर जमते, थेंब तळाला जातात, पत्रा आतून गंजतो. अर्धीच टाकी भरायचा जो बिनतोड उपाय होता, त्यानं वरचा अर्धा भाग खाऊन टाकला होता. चढाला इंजिन जोरात पेट्रोल ओढतं तसे हे पापुद्रे पाइपाच्या तोंडाशी येऊन चिकटतात. इंजिन बंद झालं की ओढ संपते, पापुद्रे आपसूक खाली बसतात, रस्ता मोकळा. तेवढ्यात आपला चहा झालेला असतो.

त्यात हल्लीच्या पेट्रोलची भर. वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं त्यात, आणि हे इथेनॉल ऊस, मका असल्या पिकांपासून निघतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुना साका सोडवतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवून भुसभुशीत करतं. म्हणजे ज्या उसाच्या फडात या गाडीनं उमेदवारी केली, ज्याच्या बांधाबांधानं शेती अधिकाऱ्यांना हिंडवलं, तो ऊस आता म्हातारपणी तिच्या पोटात शिरून तिची नळी सैल करत होता. यात काव्यात्म न्याय शोधणारे शोधोत. माझं लक्ष नळीवर होतं.

टाकी काढायची ठरली. पेट्रोल काढायला खालचा नट फिरेना, म्हणून पोरानं नळी तोंडात धरून ओढली आणि पुढचा अर्धा तास तो थुंकत हिंडला. ही पद्धत चुकीची आहे, हातपंप दोनशे रुपयांत मिळतो, हे मी मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, "हाय की. त्यो पंप बी गळतोय." मग सीट निघाली, पट्टे निघाले, नाही म्हणायला एक नट तेवढा गोल झाला आणि छिन्नीनं तोडावा लागला. टाकीच्या खोबणीत जे सापडलं ते मी धुऊन ठेवलंय. दहा पैशांची तीन नाणी, स्क्रू ड्रायव्हरची मूठ, कसल्याशा निवडणुकीचा पत्र्याचा बिल्ला आणि चुन्याची डबी. डबीचं झाकण इतकं घट्ट होतं की आतला चुना अजून मऊ होता. एवढ्या वर्षांत त्या गाडीत हवाबंद राहिलेली ती एकच वस्तू.

टाकी नवी आणण्याआधी ती दुरुस्त होते का हे पाहणं आपल्याकडे सक्तीचं असतं. न पाहता नवी आणली तर घरात, गॅरेजात आणि कोपऱ्यावरच्या टपरीत, तिन्ही ठिकाणी माणूस उधळ्या ठरतो. टाकीत मूठभर खडी आणि पाणी घालून दोन पोरांनी ती खुळखुळवली. गंज निघाला, आणि गंजाबरोबर त्याच्या मागचा पत्राही. तळ उजेडाला धरला तर नक्षत्रं दिसत होती. मग ती घेऊन वेल्डिंगवाल्याकडे गेलो.

"रिकामी हाय ना?"

"एकदम रिकामी. चार दिवस उन्हात वाळवलीय."

"मग मी हात लावत न्हाई. भरून आणा."

मला वाटलं माणूस चेष्टा करतोय. पण या धंद्यात त्याच्याइतका शहाणा माणूस मला दुसरा भेटला नाही. पेट्रोल स्वतः भडकत नाही, भडकते त्याची वाफ, आणि तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असली की. त्याहून कमी वाफेला पेटता येत नाही, त्याहून जास्त वाफेला हवा पुरत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. 'रिकामी' टाकी मात्र शिवणीत आणि गंजात मुरलेल्या पेट्रोलनं नेमकी हवी तेवढी भरलेली असते. म्हणून जाणते वेल्डर टाकी गळ्यापर्यंत पाण्यानं भरतात आणि जिथं भोक तेवढाच भाग वर ठेवतात. काही जण दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर नळीनं आत सोडतात, त्या धुरानं आतला ऑक्सिजन हाकलला जातो. तिसरी पद्धत म्हणजे काहीच न करता, देवाचं नाव घेऊन गॅस पेटवणं. ती वापरणारे फार जण सांगायला उरत नाहीत. आमच्या वेल्डरनं टाकी पाण्यानं भरली. पाणी सतरा ठिकाणांहून बाहेर आलं. तो ते पडेपर्यंत बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी राहीना, पेट्रोल काय ऱ्हातंय. नवीन घ्या."

हे वाक्य मी तिघांना फोनवर ऐकवलं. आता मला नवी टाकी घ्यायला समाजाची परवानगी होती.

जुन्या जीपच्या सामानासाठी माणूस आधी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. तिथं टाकी मिळत नाही, पण आपल्याला नको असलेल्या बारा वस्तू मिळतात. मी एक होकायंत्र घेतलं. मग एका सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "गाडी कोणती?"

"जीप."

"जीप कळलं. कोणती?"

इथंच जुन्या जीपचा मालक उघडा पडतो. कागदावर एक मॉडेल, बॉडी डबवाली गावाहून बांधून आलेली दुसऱ्याच मॉडेलची, डॅशबोर्ड तिसऱ्याचा. मी शक्य तेवढ्या सभ्य भाषेत ही वंशावळ सांगितली. त्यानं माळ्यावरून एक काळीभोर टाकी काढली, काउंटरवर आपटली आणि म्हणाला, "घ्या. बसेल."

"नक्की बसेल ना? आमच्या टाकीचं तोंड जरा अलीकडे आहे."

"बसेल हो. थोडी बसवावी लागेल."

जुन्या गाडीच्या धंद्याची सगळी गुपितं या दोन क्रियापदांत आहेत. 'बसते' असं कुणीही म्हणत नाही. 'बसेल' म्हणजे दुकानदाराची जबाबदारी संपली, 'बसवावी लागेल' म्हणजे मिस्त्रीची सुरू झाली, आणि या दोघांच्या मध्ये जे काही पडतं त्याचं बिल आपलं. फ्लोटही घ्या म्हणाला. जुना फ्लोट पितळी होता, त्याच्या पोटात पेट्रोल शिरलं होतं आणि तो कैक वर्षं तळाला झोपून होता. त्यामुळे काटा कायम रिकामी टाकी दाखवायचा. पेट्रोल किती आहे हे आम्ही बांबूची पट्टी घालून बघत असू. पट्टीवर खुणा होत्या : 'चिपळूण', 'पाटण' आणि 'पंप'. तिच्याइतकं खरं बोलणारं मीटर मी कुठल्या नव्या गाडीत पाहिलेलं नाही.

टाकी बसवली. म्हणजे खोबणीची एक कड कापली, दोन कान सरळ केले, एक पट्टा नवा केला, आणि टाकीचं तोंड बॉडीच्या भोकापासून दीड इंच बाजूला राहिलं ते रबरी नळीला वाकवून जुळवलं. मिस्त्रीनं कपाळावरचा घाम पुसला. "बसली बघा. कंपनीवाणी." पेट्रोल घातलं, गाडी सुरू झाली, वास नाही. बायको येऊन सीटजवळ दोन वेळा हुंगून गेली. काही बोलली नाही, पण कुंपणापलीकडच्या काकूंना दसरा किती लांब आहे ते विचारलं.

काट्याचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. पेट्रोल घातलं तसा तो खाली गेला. गाडी चालवली तसा वर आला. हा नवा फ्लोट दुसऱ्या गाडीचा होता. त्याचा विजेचा रोध उलट चालतो, टाकी भरली की कमी होण्याऐवजी वाढतो. मिस्त्रीनं बराच वेळ काट्याकडे पाहिलं.

"उलटा चाललाय, सायेब."

"तेच म्हणतोय मी."

"पर आता तुमास्नी ठाव हाय न्हवं, उलटा हाय ते? मग झालं की. आधीचा काय बी दाखवत नव्हता, ह्यो किती संपलं त्ये दाखवतोय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. मुलगा म्हणतो की उलट हेच जास्त उपयोगी आहे.

चाचणी म्हणून पुन्हा कुंभार्ली. नवी टाकी, नवी नळी, नवं फिल्टर. गाडी अर्ध्या घाटापर्यंत अशी चढली की मी गुणगुणायला लागलो होतो. मग आचका. दुसरा आचका. बंद. मी बॉनेट उघडलं, कारण शरीराला सवय. एक उसाचा ट्रॅक्टर मागे थांबला. ड्रायव्हरनं विचारलं, "टाकी नवी घातली का?" मी हो म्हणालो. तो खाली उतरला, इंजिनाकडे ढुंकूनही न बघता थेट टाकीच्या झाकणाकडे गेला आणि त्यानं ते फिरवलं. फुस्स करून एक लांबलचक श्वास आत गेला. झाकण पुन्हा लावलं. "मारा स्टार्टर." गाडी चालू.

नव्या झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल हलत नाही. जुन्या झाकणाची ही अडचण कधी आली नव्हती, कारण त्या टाकीला हवा यायला सतरा वाटा होत्या. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं. जरा सढळ हातानंच. वास परत आला. पूर्वीइतका नाही, पण काकूंना ओळखता येईल इतका.

मग एकदा टाकी पूर्ण भरायची हौस होतीच. पंपावर जाऊन मी म्हणालो, "फुल." पोरानं माझ्याकडे पाहिलं. आजवर तो आमच्यात पाचशेचं टाकत आलाय. त्यानं नोझल लावलं, आणि टक. नोझल बंद. वाकवलेल्या नळीत पेट्रोल चढतं, नोझलला वाटतं टाकी भरली. त्यानं पुन्हा दाबलं. अर्धा लिटर, टक. नोझल तिरकं केलं, टक. उलटं केलं, टक. मागे एका मोटरीनं हॉर्न दिला, तिच्यामागे दुधाच्या टेंपोनं. पोरानं काट्याकडे बोट दाखवलं, "सायेब, फुल झाली की. काटा बगा, पार वर हाय."

"तो उलटा आहे."

पोरगं थोडा वेळ विचारात पडलं. मग वळून त्यानं टेंपोवाल्याला हाक मारली, "ओ, तुमी त्या पलीकडच्या मशीनवर घ्या! हितं अजून सुरूच झालं न्हाई."